भाषा बदलताना : मोडीपासून पायथनपर्यंत

भाषा बदलते तेव्हा ती एकटी बदलत नाही. तिच्या आधारावर उभे असलेले हिशेब, करार, कायदे आणि आठवणी यांनाही तिच्याबरोबर चालावे लागते. ज्यांना चालता येत नाही ते मागे राहतात. नव्या भाषेचे गुण गाणारे पुष्कळ असतात आणि जुनीसाठी हळहळणारेही कमी नसतात. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरे, काहीसे नीरस काम असते : जुन्या भाषेवर कोण कोण अवलंबून आहे याची यादी करणे आणि त्यातील प्रत्येकाला नव्या भाषेपर्यंत नेऊन पोचवणे. या कामाचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. तो थोडासा लिहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आम्ही निवडलेले मुख्य उदाहरण संगणकाच्या जगातले आहे. पण त्याची मुळे समजून घ्यायला आपल्या घरातल्या कागदांपासूनच निघावे लागते.

कागदांचे थर

नंदगड हे खानापूर तालुक्यातील जुने बाजारगाव. गोव्याहून मीठ, नारळ, सुपारी वर येई आणि घाटमाथ्यावरचे धान्य खाली गोव्यात जाई. इतिहासाच्या पुस्तकांत या गावाचे नाव येते ते १८३१ साली संगोळ्ळी रायण्णाला येथे फाशी दिले गेले म्हणून. परंतु बाजारगावाचा दैनंदिन इतिहास त्याच्या कीर्द-खतावण्यांत असतो. कित्तूरचे देसाई, कंपनी सरकार, मुंबई इलाखा, १९५६ नंतर म्हैसूर राज्य आणि १९७३ पासून कर्नाटक, असे राज्यकर्ते बदलत गेले. त्याबरोबर कागदावरची अक्षरेही बदलली. या भागातील जुन्या मराठी घराण्याचे दप्तर सोडले, तर तळाशी मोडी, त्यावर बाळबोध, मध्येच इंग्रजी, नंतर कन्नड आणि सर्वांत वर संगणकातून छापून आलेला उतारा, असे थर एकावर एक सापडतात.

यांतील पहिला बदल मोडीकडून बाळबोधाकडे जाण्याचा. मोडी ही घाईची, लेखणी न उचलता लिहिण्याची लिपी. कारकुनाच्या हाताला ती सोयीची होती. छापखाना आला आणि सोयीचा काटा फिरला. विल्यम केरी यांनी श्रीरामपूरहून १८१० साली काढलेला मराठी कोश मोडी टंकांत छापला होता, तरी पुढे छपाईची लिपी बाळबोधच ठरली. १९१७ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभाराची मुख्य लिपी म्हणूनही बाळबोध स्वीकारली. मोडी त्यानंतर काही दशके शाळांत शिकवली जात होती आणि वडीलधाऱ्यांच्या खासगी हिशेबांत टिकून होती. मग तीही थांबली.

सरकारी दप्तरे जपली गेली. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधून ठेवले आहेत आणि ते वाचणारे अभ्यासकही आहेत. घरोघरच्या कागदांचे मात्र तसे झाले नाही. कोणत्या घरात काय आहे आणि ते वाचणारा शेवटचा माणूस कोण, याची नोंद ठेवणे हे कोणाच्याच कामाचा भाग नव्हते. लिपीबदलाचा निर्णय चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. निर्णयाबरोबर यादी झाली नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पायथन आणि ‘मराठी’ या शब्दाची लांबी

आता संगणकाकडे वळू. संगणकाला काम सांगण्यासाठी ज्या कृत्रिम भाषा रचल्या गेल्या त्यांत ‘पायथन’ ही आज अत्यंत प्रचलित भाषा आहे. आपल्या घरातील जी मुले पुण्या-बंगळूरला या क्षेत्रात गेली, त्यांपैकी बहुतेकांना ती परिचित असेल. नेदरलँड्सचे गीदो व्हान रॉसम यांनी १९८९च्या अखेरीस तिची रचना सुरू केली आणि १९९१ साली ती प्रथम लोकांपुढे आली. नाव अजगरावरून नव्हे, तर ‘माँटी पायथन’ या इंग्रजी विनोदी मंडळीवरून घेतले आहे. २००० साली तिची दुसरी मोठी आवृत्ती आली आणि ३ डिसेंबर २००८ रोजी तिसरी. ही तिसरी आवृत्ती दुसरीशी जाणूनबुजून विसंगत ठेवलेली होती. जुन्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम नव्या भाषेत जसाच्या तसा चालेल, याची हमी उरली नाही.

असे का केले? कारणे अनेक होती, पण सर्वांत खोल कारण अक्षरांचे होते आणि ते थेट आपल्याशी निगडित आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतात. प्रत्येक चिन्हाला एक अंक द्यावा लागतो आणि तो अंक ‘बाइट’ नावाच्या ठरावीक मापाच्या खणांत साठवावा लागतो. इंग्रजीचे प्रत्येक अक्षर एका खणात मावते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत, तीन खण घेते. जुनी पायथन साधा मजकूर आणि खण यांत भेदच करीत नव्हती. तिला ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली तर ती पंधरा सांगे. नवी पायथन पाच सांगते : म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. आपला डोळा तीनच अक्षरे मोजतो, हे खरे. पण पंधरावरून पाचावर येणे म्हणजे खण मोजण्याऐवजी लिपी मोजणे होय.

‘बेळगाव’ हे नाव रोमन लिपीत लिहिले तर जुन्या आणि नव्या दोन्ही भाषा तिची लांबी सारखीच सांगत. म्हणूनच केवळ इंग्रजीत काम करणाऱ्या कित्येकांना हा दोष कधी जाणवलाच नाही आणि एवढी उलथापालथ कशासाठी, असा प्रश्न त्यांना पडला. ती मुख्यतः आपल्यासारख्या लिपींसाठी होती. जगातील सर्व लिपींना एका अंकपटावर आणणारे ‘युनिकोड’ मानक १९९१ साली आले होते आणि देवनागरी त्यात आरंभापासून होती. तरी मराठी छपाईचे काम पुढे कित्येक वर्षे श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या स्वतंत्र फाँटांत चालले. त्या काळातील फाईल तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडली, तर मराठी मजकुराऐवजी असंबद्ध चिन्हांची रांग दिसते. अनेक मराठी नियतकालिकांचे जुने अंक संगणकावर असूनही आज वाचता येत नाहीत, ते यामुळेच. वर सांगितलेल्या कागदांच्या थरांत हा आणखी एक थर.

रुमाल आणि त्यावरची चिठ्ठी

नवी भाषा जाहीर करणे सोपे होते. तिच्यावर अवलंबून असलेल्या हजारो प्रोग्रामांना तिकडे नेणे, हे खरे काम होते, आणि ते प्रामुख्याने पडले ‘डेबियन’सारख्या संस्थांवर. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेली डेबियन ही मुक्त संगणकप्रणाली. जगभर विखुरलेले स्वयंसेवक ती सांभाळतात. तिच्यातील प्रत्येक प्रोग्राम ‘पॅकेज’ म्हणून बांधून ठेवलेला असतो. पॅकेज म्हणजे पेशवे दप्तरातला रुमालच म्हणा. त्यावर एक चिठ्ठी असते : नाव, आवृत्ती, सांभाळणाऱ्याचे नाव आणि हा रुमाल उघडण्यासाठी आधी आणखी कोणते रुमाल उघडावे लागतील त्यांची यादी. ही शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. तिच्यामुळे कोणत्याही क्षणी उलटा प्रश्न विचारता येतो : अमुक एक गोष्ट काढून टाकली, तर तिच्यावाचून कोणाकोणाचे अडेल?

पायथन बदलताना याच प्रश्नावर सारे बेतले गेले. आधी दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदू दिल्या. जुन्या भाषेचे ग्रंथसंग्रह एका नावाने आणि नव्या भाषेचे ‘३’ हा अंक जोडलेल्या वेगळ्या नावाने बांधले गेले, म्हणजे एकाच यंत्रावर दोन्ही राहू शकत. प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी ‘सिक्स’ नावाचा छोटा संग्रह तयार झाला. दोन गुणिले तीन म्हणजे सहा, म्हणून हे नाव. त्याच्या साहाय्याने एकच लेखन दोन्ही भाषांत चालू शके. जुन्याचे नव्यात रूपांतर करणारे एक स्वयंचलित साधनही होते. ते वरवरचे बदल बिनचूक करी, पण एके ठिकाणी थांबे : हा मजकूर माणसाने वाचायचा आहे की ती केवळ खणांची रास आहे, हे त्याला ठरवता येत नसे. मोडी वाचणाऱ्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, शब्दही तोडलेले नसतात. लिप्यंतर करताना अर्थ जाणणारा माणूसच लागतो. अक्षरामागे अक्षर ठेवणे यंत्राला जमते. लिहिणाऱ्याच्या मनात काय होते, हे लिहिणाऱ्याला किंवा त्याच्या वारसालाच सांगता येते.

मुदतीचा इतिहासही बोलका आहे. दुसऱ्या पिढीची शेवटची आवृत्ती, २.७, जुलै २०१० मध्ये आली आणि यापुढे २.८ निघणार नाही असे निक्षून सांगितले गेले. तिची देखभाल २०१५ साली थांबणार होती. तोवर पुरेसे लोक नव्याकडे आलेले नाहीत, हे पाहून २०१४ साली मुदत २०२० पर्यंत वाढवली गेली. नव्या भाषेच्या कर्त्यांनीही थोडी माघार घेतली : आरंभी काढून टाकलेली जुन्या लेखनाची एक खूण २०१२ साली ३.३ या आवृत्तीत परत घेतली, कारण तिच्यावाचून स्थलांतर करणाऱ्यांचे विनाकारण हाल होत होते. ही माघार आम्हाला फार महत्त्वाची वाटते. सुधारकाने शुद्धतेचा हट्ट एक पाऊल मागे घेतला आणि पूल थोडा रुंद झाला.

साऱ्यांनीच असा धीर धरला असे नाही. ‘आर्च’ या दुसऱ्या एका प्रणालीने ऑक्टोबर २०१० मध्येच नुसत्या ‘पायथन’ या नावाचा अर्थ तिसरी आवृत्ती असा करून टाकला. त्या नावाखाली जुनी भाषा मिळेल या भरवशावर लिहिलेले प्रोग्राम अडखळू लागले आणि त्या नावाचा अर्थ नेमका काय धरावा, याचे मार्गदर्शन पायथनकारांना लिहून काढावे लागले. डेबियनने शेवटी वेगळा तोडगा काढला. नुसते नाव आपण होऊन कोणालाच दिले नाही. ज्याला ते हवे त्याने ‘पायथन म्हणजे पायथन तीन’ किंवा ‘पायथन म्हणजे पायथन दोन’ अशा अर्थाचे छोटे पॅकेज स्वतः बसवून घ्यावे. एका नावाचा दोन पक्ष दोन अर्थ करतात तेव्हा काय होते, हे सीमाभागातील वाचकांना विस्ताराने सांगायला नको.

फांदीपासून खोडापर्यंत

मुदत जवळ आली तशी डेबियनमध्ये प्रत्यक्ष काढून टाकण्याचे काम सुरू झाले. २०१९ साली जुन्या पायथनवर अवलंबून असलेल्या प्रत्येक पॅकेजावर एकेक नोंद टाकण्यात आली; अशा नोंदी हजारोंच्या घरात होत्या. प्रत्येक नोंद त्या पॅकेजाच्या सांभाळकर्त्याकडे जाई : नव्या भाषेत आणा, नाहीतर काढायला संमती द्या. क्रम मात्र ठरलेला होता. ज्याच्यावर दुसरे कोणीच अवलंबून नाही ते पॅकेज आधी, मग ज्यावर ते उभे होते ते, आणि भाषेचे मूळ खोड अगदी शेवटी. झाड उतरवणारा माणूस फांद्यांच्या टोकांपासून सुरुवात करतो. बुंध्यालाच आधी कुऱ्हाड लावली तर ते शेजाऱ्याच्या घरावर पडते.

या टप्प्यावर अनाथ पॅकेजे उघडी पडली. कोणाचा कर्ता दुसऱ्या कामाला लागला होता, कोणाचा सांभाळकर्ता कित्येक वर्षे उत्तर देत नव्हता. काही पॅकेजांना नवे पालक मिळाले, काहींना मिळाले नाहीत आणि ती गेली. स्पष्ट विरोधही झाला. इ-पुस्तके वाचणाऱ्यांना ‘कॅलिबर’ हा प्रोग्राम ठाऊक असेल. त्याचे भारतीय कर्ते कोविद गोयल यांनी प्रथम स्थलांतराला नकार दिला होता. जुनी पायथन आपण स्वतः सांभाळू शकतो, अशी त्यांची भूमिका होती. ती अडाणीपणाची नव्हती. चालत्या घराचा पाया उकरण्याचा खर्च ज्याच्या पदरी पडतो, त्याचे ते म्हणणे होते. पुढे इतरांनीही या कामाला हात लावला आणि सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिबरची पाचवी आवृत्ती नव्या भाषेवर आली. हट्टी माणसाला फटकारण्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून काम उरकणे अधिक फलदायी ठरते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

जानेवारी २०२० मध्ये जुन्या पायथनची मुदत संपली आणि २० एप्रिल २०२० रोजी तिची अखेरची आवृत्ती निघाली. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या अकराव्या डेबियनमध्ये ५९ हजारांहून अधिक पॅकेजे होती आणि साडेनऊ हजारांहून अधिक कालबाह्य म्हणून गळाली होती. त्यांत जुन्या पायथनच्या संग्रहांचाही वाटा होता. खुद्द जुनी पायथन काही मोजक्या पॅकेजांच्या बांधणीपुरती उरली. जून २०२३च्या बाराव्या आवृत्तीत तीही नव्हती. नव्या भाषेच्या घोषणेपासून जुनी पूर्ण उतरेपर्यंत जवळजवळ पंधरा वर्षे लागली.

आणि तरीही जुने नष्ट झाले नाही. डेबियनच्या संग्रहात २००५ पासूनची पॅकेजे दिवसागणिक जपून ठेवलेली आहेत. ज्याला गरज आहे तो आजही ती उतरवून घेऊ शकतो. फक्त तिची डागडुजी आता कोणी करीत नाही. जतन करणे आणि चालू ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद येथे स्वच्छ दिसतो.

लहान बदल, मोठे बदल

सर्वच बदल एवढे महाग नसतात. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम केले आणि १९७२ साली त्यांत चारांची भर घातली. त्यांमुळे ‘नांव’, ‘गांव’ यांवरील अनुच्चारित अनुस्वार गेले. जुनी पुस्तके मात्र आपण आजही विनासायास वाचतो. पायथनमध्येही तिसऱ्या पिढीच्या अंतर्गत आवृत्त्या आता दरवर्षी येतात, त्या बहुतांशी अशाच. डेबियनमध्ये त्यासाठी वेगळी रीत आहे : नवी आवृत्ती आधी जुनीच्या बरोबरीने घ्यायची, तिच्याशी थेट जोडलेली पॅकेजे तळापासून वर पुन्हा बांधायची, मोडेल ते दुरुस्त करायचे, मग नवीला मुख्य ठरवायचे आणि शेवटी जुनी काढायची. तथापि लहान बदलातही कोणीतरी मागे राहतो. २०२३ सालच्या ३.१२ या आवृत्तीने प्रोग्राम बांधण्याचे एक जुने साधन काढले, तेव्हा त्यावर विसंबलेल्या अनेकांना धावपळ करावी लागली. बदल लहान की मोठा हे करणारा ठरवीत नाही. ज्याचे अडते तो ठरवतो.

आपल्या भागात याचा आणखी एक नमुना आहे. कर्नाटक सरकारने २०००च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पाखाली सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे २ कोटी उतारे संगणकावर आणले. तालुक्यात संगणकीय उतारा सुरू झाला की हस्तलिखित उतारा अवैध ठरे. येथे दोन पद्धतींचे दीर्घ सहजीवन नव्हते, एका दिवसाची सीमारेषा होती. ती आखता आली, कारण प्रत्येक उतारा त्याआधी मोजून भरलेला होता. पद्धत कोणतीही असो, यादी आधी लागते.

आपल्या हाती काय

या साऱ्याचा आपल्या दप्तरांशी संबंध असा. पायथनचे स्थलांतर बरेचसे निभावले, ते नवी भाषा श्रेष्ठ होती म्हणून नव्हे. प्रत्येक रुमालावर चिठ्ठी होती, प्रत्येक चिठ्ठीवर सांभाळणाऱ्याचे नाव होते आणि कोणाचे कशावाचून अडते हे विचारण्याची सोय होती, म्हणून ते निभावले. मोडीच्या बाबतीत आपल्या घरांतून हीच चिठ्ठी राहून गेली. २०१४ साली मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे ती लिपी संगणकावर लिहिता येते. परंतु लिपीला जागा मिळणे म्हणजे आजोबांची खतावणी वाचली जाणे नव्हे.

राहिलेली चिठ्ठी अजूनही लिहिता येते. त्यासाठी मोडी वाचता येण्याची आवश्यकता नाही. दप्तर सोडावे, कागद जसे बांधलेले असतील तोच क्रम ठेवावा आणि एका कोऱ्या कागदावर नोंदावे : किती पाने, कोणती लिपी, दिसत असल्यास शक किंवा साल, शिक्का आहे की नाही, वह्या आहेत की सुटे कागद, आणि हे आता कोणाच्या ताब्यात आहे. नंदगड परिसरातील पंचवीस घराण्यांनी एवढे केले, तर या भागातील मोडी कागदांची पहिली यादी तयार होईल. मग वाचणारा जाणकार कोठूनही आणता येईल, कारण त्याला काय वाचायचे आहे हे सांगता येईल. ज्या घरात एकच कागद आहे तेथून सुरुवात करावी. खोडाचे शेवटी पाहता येईल.